कोपऱ्यातली सही

घाणेरडी रेघ मला बघवत नाही. हा माझा दोष असेल. चौतीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होतो. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा ट्रेसिंग कापडावर शाईने उतरवायचा, एवढंच काम. धरण मी बांधलं नाही की कालवा आखला नाही. पण माझ्या टेबलावरून जी रेघ गेली ती स्वच्छ गेली, एवढं बहुतेक म्हणता येईल. फुगलेली, मध्येच तुटलेली, बोटाने पुसटलेली रेघ दिसली की मला ताटात केस सापडल्यासारखं होतं.

म्हणून कामिनीची पहिली शीट पाहिली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कामिनी आमच्या जळगावच्या घरात गच्चीवरच्या खोलीत राहायला आली. आर्किटेक्चरचं पहिलं वर्ष. रावेरकडच्या केळीवाल्यांची मुलगी. तिला सोडायला वडील आले होते, जीवराम त्यांचं नाव. अंगणात केळीचा घड उतरवून ठेवला आणि उभ्याउभ्याच बोलले.

"नाना, पोरगी हुशार आहे म्हंता बाकीचे. मले ते आर्किटेक्चर काही समजत नाही. येक वर्स पाह्यतो. पास झाली तं ठीक. नाही झाली तं सामान बांधाचं आन् रावेरच्या कॉलेजात घालाचं. घरून जाईन, घरी येईन." मग मुलीकडे वळून म्हणाले, "आयकलं ना वं?"

मुलगी खाली बघून "हो" म्हणाली. तिच्या पायाशी ड्रॉइंग बोर्ड होता, चादरीत गुंडाळलेला आणि केळीच्या वाळक्या सोपटाच्या दोरीने बांधलेला. केळीच्या शेतात सगळं याच दोरीने बांधतात. पुढे तिच्या शीटच्या गुंडाळ्यासुद्धा त्याच दोरीने बांधलेल्या असायच्या, आणि गाठही तीच, शेतातली, एका टोकाला ओढली की सुटणारी. कॉलेजात मुलं हसायची. तिने रबर बँड काही लावला नाही.

आठवड्याभराने ती कुठे बसून काम करते ते बघायला मी वर गेलो. खरं म्हणजे बोर्ड बघायला गेलो होतो. शीटवर चौकोन आखून त्यात जवळजवळ रेघा भरायच्या होत्या. आडव्या, उभ्या, तिरप्या. नुसत्या रेघा. पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच देतात. संगणक म्हणे दुसऱ्या वर्षापासून.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"रेघा आहेत नाना. लाइन प्रॅक्टिस."

"रेघा आहेत होय? मला वाटलं शेळी चालून गेली."

तिचा चेहरा उतरला. मग एकदम पेन्सिल माझ्यापुढे धरली. "तुम्ही काढून दाखवा मग."

त्या पेन्सिलीला चिकट काहीतरी लागलेलं होतं. तिच्या नखांच्या कडा केळीच्या चिकाने काळ्या पडलेल्या. रविवारी घरी जाऊन कापणीला हात लावून आली होती. टी-स्क्वेअर, म्हणजे रेघा आखायची लांब पट्टी, कधी पुसलेलाच नव्हता. तो कागदावरून सरकला की मागे शिशाची राखाडी वाट उमटत होती. तिला मी आधी हात धुवायला पाठवलं, मग टी-स्क्वेअर धुवायला, मग पुन्हा हात धुवायला.

मग काढून दाखवली. रेघ ओढताना पेन्सिल दोन बोटांत हळूहळू फिरवत न्यायची, म्हणजे टोक एकाच बाजूने झिजत नाही आणि रेघ सुरुवातीला जेवढी बारीक तेवढीच शेवटी राहते. मनगट हलवायचं नाही. सगळा दंड न्यायचा. श्वास रेघेच्या आधी घ्यायचा. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं, धुळ्याच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा माणूस बघून शिकलो.

"श्वासाचं खरंच?" ती म्हणाली.

"करून बघ."

पहिल्या पन्नास रेघा वाया गेल्या. पुढच्या पन्नासही. संध्याकाळी आमच्या घरातून, म्हणजे यशोदाबाईंकडून, जिन्यातून हाक आली, "त्या पोरले जेवू तरी द्या! ऑफिस सुटनं तेले बारा वरीस व्हयनात."

कामिनी हसली, पण उठली नाही. हातातली रेघ पूर्ण केली आणि मगच उठली. तेव्हा मला वाटलं, ही टिकेल.

तिचा हात काही देणगीचा नव्हता. हे स्पष्ट लिहितो, कारण अशा गोष्टीत मुलगी उपजतच कलाकार निघते. ही निघाली नाही. तिचं लेटरिंग तर शेवटपर्यंत वाईट राहिलं; आर डावीकडे पडायचा, एस पोट सुटल्यासारखा. पण ती खोडून पुन्हा काढायची. जाड रेघ कुठे, बारीक कुठे, नकाशात कापलेली दाखवलेली भिंत ठळक का आणि पलीकडची फिकी का, हे एकदा कळल्यावर ती विसरली नाही. दिवाळीपर्यंत तिची शीट माझ्याने पाच मिनिटं बघवू लागली.

मग मॉडेलं सुरू झाली.

मॉडेल हा प्रकार मला नवा होता. आमच्या खात्यात सगळं कागदावरच. तिला माउंटबोर्ड, म्हणजे मॉडेलचा जाड पुठ्ठा, हवा होता म्हणून मी एकदा तिच्याबरोबर कॉलेजसमोरच्या दुकानात गेलो. दुकान योगराज नावाच्या माणसाचं. आत पाऊल टाकलं आणि नाकात जळक्या प्लास्टिकचा गोडसर वास भरला. मागे यंत्र चालू होतं, ते प्रकाशाने पांढरे बोर्ड कापत होतं. भिंतीला मांडण्या, आणि मांडण्यांवर घरं. पांढरी, गुळगुळीत, चाळीस-पन्नास घरं. प्रत्येकाच्या अंगणात तीच दोन प्लास्टिकची झाडं, विषारी हिरवी. प्रत्येक दारात तीच बोटभर उंचीची बाई हातात पर्स घेऊन उभी.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"पोरांची," योगराज म्हणाला. तोंडात गुटखा असल्यामुळे मान वर करून बोलत होता. "सबमिशन आलं ना नाना. पहिल्या वर्षाची इकडची, दुसऱ्या वर्षाची वरची. ताई, तुझा रोल नंबर काय?"

"मी स्वतः करणार आहे," कामिनी म्हणाली.

"सुरुवातीला सगळेच म्हणतात." त्याने एक घर उचललं, तोंडाने फुंकर मारून त्यावरचा भुसा उडवला, त्याबरोबर थोडी लाळही उडाली. मग घर उलटं करून तळाला पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. "नंबर टाकावा लागतो. नाहीतर याचं घर त्याला जातं. सगळी सारखीच दिसतात ना!" आणि तो खरोखर मजेत हसला.

"सरांना माहीत आहे हे?" मी विचारलं.

"सरांनीच तर सांगितलं पोरांना, फिनिश पाहिजे तर योगराजकडे जा." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "तुम्ही ट्रेसर होते म्हणे? लेटरिंग करता का नाना? पोरांना शीटवर हाताचं लेटरिंग लागतं. या की दुपारचे. पंखा आहे."

मी नाही म्हणालो. पण लिहायलाच बसलो आहे तर हेही लिहितो, की त्याच्या त्या बोलण्याने मला आतून बरं वाटलं. बारा वर्षांत माझ्या अक्षराबद्दल कुणी विचारलं नव्हतं. परत येताना रस्ताभर मी बोटांनी हवेत अक्षरं काढत होतो. ते आठवलं की आजही स्वतःचा हात झटकावासा वाटतो.

कामिनी मॉडेल घरीच करायला लागली. पहिले दोन महिने गच्चीवर नुसता उकिरडा. थर्माकोलचे दाणे उडून खालच्या पाण्याच्या टाकीत. फेव्हिकॉलचे सुकलेले पापुद्रे, सापाने कात टाकावी तसे, खोलीभर. कटर दाबून एका झटक्यात कापायला गेली आणि बोट कापून घेतलं. पांढऱ्या बोर्डावर रक्त पडलं. तिने अंगठा थुंकीने ओला केला आणि डाग घासला. तो गुलाबी होऊन पसरला.

"थुंकीने पुसतात का कागद?" मी ओरडलो. एवढा मी सहसा ओरडत नाही. "शी! फेक ते. हलकं कापायचं, तीनदा फिरवायचं. दाबायचं नाही."

"फेकते, नाना. बोटाला काही लावू का आधी?"

मला लाज वाटली. यशोदाबाईंनी हळद लावून दिली आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

वर्षाच्या शेवटचं मोठं काम असं होतं: खरं, जुन्या पद्धतीचं एक घर स्वतः मोजायचं, त्याचा नकाशा आणि छेद, म्हणजे घर उभं कापल्यावर आत दिसेल ते चित्र, काढायचा आणि मॉडेल करायचं. हे स्वीकारलं गेलं नाही तर त्या विषयात वर्ष जाणार होतं. आणि वर्ष गेलं म्हणजे जीवराम सामान बांधायला येणार, हे कामिनीला आणि मला सारखंच ठाऊक होतं. तिच्या गावी सगळी घरं आता सिमेंटची. मी म्हणालो, सोनगीरला माझ्या चुलतभावाचं धाब्याचं घर आहे, अजून राहतात त्यात. धुळ्याला उतरून पुढे दुसऱ्या एसटीने आम्ही तिघं गेलो, मी, यशोदाबाई आणि ती.

दिवसभर तिने घर मोजलं. मी टेपचं दुसरं टोक धरून उभा. धाब्यावर चढून तिने विचारलं, "नाना, ही माती पांढरी कशी? पाणी नाही गळत?"

"खारी माती आहे. भिजली की बसते, गळत नाही. खाली पाला, त्याच्या खाली काड्या, त्याच्या खाली लाकडाच्या कड्या. आणि ते मधलं भोक म्हणजे साणं. उजेडाला आणि धुराला. पावसात वर घमेलं पालथं घालायचं."

तिने साण्यात तोंड घालून खाली पाहिलं. खाली चुलतभावाची सून भाकरी थापत होती. ती वर बघून म्हणाली, "काय वं बाई, मन्हा पीठमां केस पाडशी!" आणि दोघी हसत सुटल्या. येताना कामिनीने पिशवीभर खारी माती आणली.

मॉडेल तिने वीसास एक या प्रमाणात केलं. भिंती माउंटबोर्डच्या. पण छप्पर खरं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या सोलून कड्या केल्या, वर झाडूच्या काड्यांचा थर, त्यावर चुरलेला पाला, वर फेव्हिकॉलमध्ये कालवलेली खारी माती. एका बाजूने छप्पर अर्धं उघडं ठेवलं, म्हणजे थर दिसावेत. साणंही होतं, आणि त्यावर ठेवायला घमेलं म्हणून सोड्याच्या बाटलीचं झाकण. फेव्हिकॉल आणि ओली माती बंद खोलीत आंबली आणि मॉडेलला वास यायला लागला, हे खरं आहे. मी ते लपवत नाही. पण घर होतं. त्यात कुणी राहू शकलं असतं.

सबमिशन सोमवारी. रविवारी दुपारी ती गच्चीवर मातीच्या भेगा बुजवत होती आणि छेदाची शीट खाली माझ्या टेबलावर होती. मी ती रेघ न् रेघ तपासली. चूक सापडली नाही. फक्त उजव्या कोपऱ्यातला नावाचा चौकोन रिकामा होता.

मी जिन्यातून हाक मारली, "कामिनी, शीर्षक राहिलं."

"लिहिते नाना, हात मातीचे आहेत."

थोड्या वेळाने पुन्हा हाक मारली. "तुझा एस पोटुशी होतो. मी लिहू का एवढं?"

"नको ना नाना. माझं मीच लिहिते."

तिसऱ्यांदा मी जिना चढून वर गेलो. तिच्या केसांतही माती होती. मी म्हणालो, शीर्षक म्हणजे काही ड्रॉइंग नव्हे. एवढ्या स्वच्छ शीटवर असलं अक्षर मला बघवणार नाही. ती दमलेली होती. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं. लिहा तेवढं."

मी कपाटातून माझं जुनं शाईचं पेन काढलं. धुतलं, शाई भरली. इंग्रजी कॅपिटल अक्षरात घराचं नाव, प्रमाण, तिचं नाव, रोल नंबर. मी कितीतरी वेळ ते बघत बसलो होतो. मग पेन धुऊन ठेवलं.

ऑफिसात प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात ट्रेस करणाऱ्याची बारीक सही लागते, चूक निघाली तर कुणाची ते कळावं म्हणून. चौतीस वर्षं शीर्षक संपलं की हात आपोआप खाली सरकायचा आणि तांदळाएवढी दोन अक्षरं काढायचा. त्या दिवशीही सरकला. मला कळलंसुद्धा नाही. ध. सिं. आणि खाली तारीख.

सोमवारी ती चार वाजताच परत आली. मॉडेल जसं नेलं तसं, शीटची गुंडाळी काखेत. पायरीवर बसली आणि शीट माझ्यापुढे उलगडली. कोपऱ्यात माझ्या दोन अक्षरांभोवती लाल मार्करचं मोठं वर्तुळ होतं. मार्कर कागदाच्या पाठीपर्यंत उतरला होता.

"सर म्हणाले, हा ध. सिं. कोण? मी म्हटलं, आमचे घरमालक. सगळे हसले. सर म्हणाले, वा, घरमालक शीट काढून देतात? आम्हाला पण अशी खोली बघून द्या." तिचा आवाज कोरडा होता. "मॉडेलला म्हणाले, शेण लावलंस का? बाहेर ठेव, वास येतो. काहीच घेतलं नाही. दुसऱ्याचं काम आहे म्हणाले."

"आणि बाकीच्यांचं?"

"सगळ्यांचं घेतलं. ललितचं पहिलं आलं. पांढरं घर, योगराजचं. त्याने सोनगीर सोडा, कुठलंच घर मोजलेलं नाही, नाना. मोबाइलवरचा फोटो दिला होता."

मला वाटलं ती माझ्यावर ओरडेल. तिने ओरडायला हवं होतं. आतून यशोदाबाई आल्या, शीट पाहिली, आणि त्यांना इंग्रजी येत नसलं तरी माझी सही ओळखता येते.

"पोरनी बठ्ठं काम स्वतः करं. तुम्ही कसाले हात लाया?"

योगराजच्या दुकानाची, त्या सरांची, त्या पांढऱ्या घरांची मला किळस येत होतीच. पण त्या रात्री ताटावर बसलो तर घास धरायला पुढे आलेला स्वतःचाच हात मला नकोसा झाला.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो. मला असल्या ठिकाणी बोलता येत नाही. बसमध्ये दोन वाक्यं पाठ केली होती: शीर्षक मी लिहिलं, रेघा तिच्या आहेत. कामिनी शेजारी मॉडेल मांडीवर घेऊन बसली होती आणि साण्यावरचं झाकण बोटाने दाबून धरलं होतं.

शीट परत करणारे ते सर, स्वप्नील त्यांचं नाव, तरुण होते. वागायला वाईट नव्हते, मला खुर्ची दिली. मी माझी दोन वाक्यं बोललो.

"असेल हो नाना," ते म्हणाले. "पण शीटवर तुमची सही आहे."

"सर, बाकीच्यांची मॉडेलं..."

"बाकीच्यांच्या कामावर कुणाची सही आहे का? नाही ना? मग मी काय म्हणणार?" ते हसले, जणू दोघांनाही माहीत असलेली गंमत आहे. "सगळं कळतं मला. पण कागदावर जे दिसतं तेच धरावं लागतं. तुम्ही सरकारी नोकरीतले, तुम्हाला सांगायला नको."

मला खरंच सांगायला नको होतं. ऑफिसात हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं होतं आणि मान हलवली होती. तिथेही हलवली.

शेवटी त्यांनी एक सवलत दिली. कामिनीने तीच शीट वर्गात बसून, कोणाच्याही मदतीशिवाय, पाच वाजेपर्यंत पुन्हा काढायची. मग बघू. तिने बोर्ड घेतला आणि आत गेली. दार लागलं. मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलो.

समोर टेबलावर निवडक मॉडेलं मांडलेली होती. मधोमध ललितचं, त्याला लाल रिबन. तीच दोन झाडं नव्हे, याच्या अंगणात आठ झाडं होती. तीच पर्सवाली बाई. दुपारी व्हरांड्यात कोणी नव्हतं. मी बराच वेळ त्या बाईकडे बघत होतो. मग उठलो आणि मॉडेल उलटं केलं. मी असलं काही कधी करत नाही.

तळाला पेन्सिलीने लिहिलं होतं: १७. ललित. झाडं जास्त.

तेवढ्यात सर खोलीतून बाहेर आले. माझ्या हातात मॉडेल उलटंच होतं. मला चोरी करताना पकडल्यासारखं झालं, पण तोंडातून शब्द गेला, "सर, यावर पण सही आहे."

त्यांनी वाचलं. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. मग अंगठा तोंडात घालून ओला केला आणि ती अक्षरं घासली. पेन्सिल पसरली, तळाला करडा, ओला पट्टा राहिला. त्यांनी पुन्हा अंगठा चाटला आणि पुन्हा घासला. ती लाळ चमकत होती. मग अंगठा पँटला पुसून मॉडेल माझ्या हातात परत दिलं.

"तुम्ही जुनी माणसं फार बारीक बघता," ते म्हणाले. आवाज मऊ झाला होता. "कामिनीला म्हणावं, टेन्शन घेऊ नको. तिचं मॉडेल आत ठेवून द्या. शीट झाली की शिपायाकडे दे म्हणावं. तिचं होईल."

एवढं बोलून ते स्कूटरची किल्ली फिरवत जिना उतरून गेले. तेव्हा तीन वाजले होते. पाच वाजता शीट बघायला ते असणारच नव्हते.

माझ्या हातात ते मॉडेल होतं. प्राचार्यांची खोली त्याच मजल्यावर होती. दार उघडं दिसत होतं. मी मॉडेल टेबलावर जागच्या जागी ठेवलं. उलटं केल्यामुळे रिबन वाकडी झाली होती, ती सरळसुद्धा केली. मग नळावर जाऊन हात धुतले, तिथे साबण नव्हता.

पाचला पाच कमी असताना दार उघडलं. कामिनीचे डोळे लाल होते, पण हात स्वच्छ होते. "झालं नाना! सगळं झालं. धाब्याच्या पन्हळीसकट. सर कुठे आहेत?"

"गेले. शिपायाकडे दे म्हणाले."

"बघणार आहेत ना?"

"बघतील."

मी तिच्याशी खोटं बोललो ते एवढंच. तिने शीट गुंडाळली, खिशातून सोपटाची दोरी काढून बांधली, तिची ती गाठ मारली, आणि शिपायाच्या हातात दिली. त्याने ती कपाटावर टाकली.

ती पास झाली. त्या विषयात काठावर नव्हे, बऱ्यापैकी. जीवराम पेढे घेऊन आले. "नाना, तुमी व्हते म्हनून झालं हो," असं म्हणून माझ्या पायाला हात लावायला वाकले. मी पाय मागे घेतले. त्यांना ती नम्रता वाटली.

जुलैमध्ये कॉलेजने जुनी कामं परत दिली. मॉडेलचं धाबं उंदरांनी एका कोपऱ्यात खाल्लं होतं. कामिनी शीटची गुंडाळी घेऊन माझ्या टेबलाशी आली. बाहेरच्या बाजूला गुणांची चिठ्ठी पिनने लावलेली होती. ती गुंडाळी टेबलावर ठेवली आणि आम्ही दोघंही बघत राहिलो.

दोरी तशीच होती. गाठही. केळीच्या शेतातली, एका टोकाला ओढली की सुटणारी, आणि जळगावच्या कॉलेजातल्या कोणालाही पुन्हा तशी मारता न येणारी.

"गाठ माझीच आहे, नाना," ती म्हणाली.

मी तिला मग सगळं सांगितलं. तळावरची पेन्सिल, अंगठा, रिबन. रिबनचंही सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे मी काढलं नसतं तरी चाललं असतं."

"हो."

तिने दोरीचं टोक ओढलं आणि शीट टेबलावर पसरली. "तुम्ही तरी बघा मग."

मी चष्मा पुसला आणि डावीकडून सुरुवात केली. कापलेल्या भिंती ठळक, पलीकडच्या फिक्या. कड्या, काड्या, पाला, माती, प्रत्येक थर वेगळा. शीर्षकात आर डावीकडे पडलेला आणि एसचं पोट सुटलेलं. त्याच्या खाली काही नव्हतं. पन्हळीपाशी एक रेघ शेवटी थोडी फुगली होती.

"इथे श्वास सोडलास," मी म्हणालो.

"तेव्हा पावणेपाच झाले होते."

"तरी. बघवत नाही."

मी खोडरबराकडे हात नेला. तिने तो आधी उचलला, माझं शाईचं पेनही उचलून खिडकीत दूर ठेवलं, आणि म्हणाली, "तुम्ही फक्त सांगायचं, नाना. हात लावायचा नाही." मग हात धुवायला गेली.

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.